लेकीपासून लपवलेला आवाज

बनुबाईनं लेकीचं तोंड नंतर पाहिलं. आधी तिच्या तोंडात बोट घातलं.

सुईण राहीबाई अजून नाळ बांधत होती. तिनं बनुबाईचा हात झटकला. वल्या अंगाची पोर, पुसली सुदिक न्हाई, आन् ह्या बाईला काय सुचतंय, असं ती पुटपुटली. बनुबाईनं मानलं नाही. तिनं करंगळी पोरीच्या जिभेवरून आत सरकवली, वर टाळूला टेकवली आणि श्वास धरून पुढून मागं नेली. आधी हिरडीमागच्या वळ्या लागल्या. मग कठीण घुमट. त्याच्याही मागं मऊ, ओलं, सलग कातडं. कुठं फट नाही, कुठं भोक नाही. पोरीनं करंगळी चोखायला धरली आणि बनुबाईला रडू फुटलं. राहीबाईला वाटलं, मुलगी झाली म्हणून रडतीय.

बनुबाई स्वतः जन्मली होती ती टाळूला भोक घेऊन. तिचं माहेर वडूजच्या पलीकडचं, कुसळांच्या माळावरचं. आई पोटुशी असताना ग्रहण लागलं, तेव्हा तिनं विसरून भोपळा चिरला, म्हणून पोरीचा टाळू चिरला गेला, अशी घरातली समजूत. आईनं पुन्हा जन्मात भोपळा शिवला नाही. बनूला दूध पाजलं की ते नाकातून परत यायचं. जगली हेच नवल. बोलायला लागली तेव्हा कळलं की दूध ज्या वाटेनं येतं त्याच वाटेनं तिचे शब्दही येतात.

माणसाच्या तोंडात अगदी मागं, पडजीभ जिथं लोंबते तिथं, एक मऊ पडदा असतो. आपण ब म्हणतो, ग म्हणतो, तेव्हा तो वर उचलतो आणि नाकाची वाट बंद करतो. हवा तोंडात कोंडते. कोंडली तर फुटते, आणि फुटली तरच अक्षर होतं. म आणि न म्हणताना तेवढी नाकाची वाट उघडी लागते. बनूची ती वाट कायमच उघडी. ओठ मिटून ती ब म्हणायला जाई आणि म होई. दचा न होई. क आणि ट तर घशातच खुडल्यासारखे तुटत. स्वतःचं नाव ती मनू सांगे, आणि वाडीतली पोरं मुद्दाम पुन्हा पुन्हा विचारत. भाकर मागायची तर तोंडातून येई, "म्हाअर." चुलीला फुंकर घालणं तिला कधी जमलं नाही. गालच फुगायचे नाहीत, सगळा वारा नाकातून जायचा. ती सुपानं वारं घालून जाळ करी.

ती मोठी झाल्यावर फौजेतल्या मामानं तिला मिरजेला दवाखान्यात नेलं आणि भोक शिवून आणलं. घरी आली त्या दिवशी आईनं पोळ्या केल्या, शेजारणींना बोलावणं धाडलं. कुणाच्या अंगात देव येणार असावा तशा बायका कडेनं बसल्या. आई म्हणाली, "बोल बने. काय बी बोल." बनूनं सगळ्यांकडं पाहिलं. तिचे ओठ सुकले होते. ती म्हणाली, "म्हाअर."

कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला पुढं कैकदा वाटलं. एकेक बाई पदर सावरत उठली. भोक बुजलं होतं, पण पडदा आखूड आणि अडाणी राहिला होता. त्याला वर उचलायला कुणी शिकवलंच नव्हतं, आणि तसं शिकवायचं असतं हे त्या माळावर कुणाला ठाऊक नव्हतं. त्या दिवसापासून बनूला स्वतःच्या तोंडाची भीती बसली. कुत्रं पिसाळल्यावर माणूस त्याला बांधून ठेवतो, तसं तिनं ते बांधून ठेवलं. मान हलवायची, हात करायचा, लयच अडलं तर एखादा शब्द.

तासगावच्या अंगाला येरळेकाठी रंगूबाई नावाची विधवा बाई होती. तिचा एकुलता गुंडा पलटणीत. ती मुलगी बघायला आली तेव्हा मध्यस्थानं चाचरत सांगितलं की पोरगी बोलायला जरा कमी हाय. रंगूबाई म्हणाली, "मला सून कामाला पायजे, कीर्तनाला न्हाई." तिथंच सुपारी फुटली. वडूजची येरळा नदीच खाली तासगावाकडं येते. बनुबाईही तशीच आली, कोरडी आणि मुकाट. कामाला मात्र वाघीण. रंगूबाईनं चार दिवसांत ओळखलं आणि बोलायचा आग्रह धरला नाही. गुंडा वर्षातून एकदा सुट्टीवर यायचा, जेवढं राहायचा तेवढं स्वतःच बोलायचा, आणि जायचा.

पोटुशी असताना बनुबाईच्या वाट्यालाही ग्रहण आलं. ते सुटेपर्यंत ती घोंगड्यावर उताणी पडून राहिली. हात सरळ, बोटं सुटी. पायावरून मुंगळा चढला, चावला, तरी तिनं पाय आखडला नाही.

तर टाळू धड निघाला. पहिली भीती सरली. दुसरी तिच्या पाठीलाच उभी होती.

त्या भागात म्हणतात, लेकराला पहिली गुटी ज्यानं चाटवली त्याचा गुण लेकराला लागतो. कोण लय रागीट निघालं की लोक विचारतात, ह्याला गुटी कुणी चाटवली व्हती रं? बनुबाईनं हे जन्मभर ऐकलेलं. गुटीच्या दिवशी तिनं सासूचा हात धरून शेजारच्या मनुबाईच्या घराकडं बोट केलं. ही मनुबाई बांधावरनं नवऱ्याला हाक मारायची तर पल्याडच्या शिवारातले गडी वळून बघायचे. तिच्या बोटानं गुटी चाटवली. पोरीचं नाव हौसा ठेवलं. बायकांनी कानात कुर्रर्र केलं, आई तेवढी मागं भिंतीला टेकून उभी.

कारण बनुबाईनं मनाशी हिशेब केला होता. गुटीचा गुण लागतो, मग रोजच्या बोलण्याचा का लागणार नाही? लेकरू आईच्या तोंडाकडं बघूनच शिकतं. शेळीचं करडू शेळीगत वरडतं, कुणी शिकवलंय? बोलणं हे खरजेगत आहे, जवळ घेतलं की लागतं. तिनं ठरवलं, पोरीसमोर एक अक्षर काढायचं नाही. पोरीची जीभ वळून तयार होईपर्यंत तोंड शिवून घ्यायचं.

पण पाळण्यातल्या लेकराला काहीतरी आवाज द्यावाच लागतो. बनुबाईला एक आवाज बिनचूक यायचा. जीभ टाळूला चिकटवून झटक्यानं सोडायची: टॉक्. बैल हाकताना, वासराला बोलावताना माणसं करतात तो. त्याला छातीतला वारा लागत नाही, म्हणून नाकाची वाट उघडी असली तरी बिघडत नाही. पोरीला बोलवायचं तर टॉक्. निजवायचं तर हलक्यानं लागोपाठ, टोकटोकटोक. रागवायचं तर दातामागं जीभ लावून च्चक्. हौसा हसायची, मान वळवायची, रांगत यायची.

रंगूबाई दिवस उगवायला रानात जायची ती दिवस बुडायलाच परत. बनुबाई शेजारी कुणाकडं बसायची नाही. पोरीला कुणी उचलून नेलं तर थोड्या वेळानं जाऊन घेऊन यायची, कारण आपल्या मागं लोक आपल्या बोलण्याची नक्कल करतात आणि पोर ती ऐकेल, ही आणखी एक भीती. म्हणजे घरात दिवसभर दोघीच, आणि चुलीचा, जात्याचा, कोंबड्यांचा आवाज.

हौसाच्या बरोबरीची पोरं आई, बाबा, काऊ म्हणायला लागली. हौसा टॉक् करायची. पाण्याला एक, भाकरीला दोन, उचलून घे म्हणायला च्चक्. पोरं अंगणभर भांडायला, चिडवायला लागली. हौसा त्यांच्यात उभी राहून टॉक्टॉक् करी आणि पोरं तिला वासरू म्हणून हाकलत.

विहिरीवर बायका बोलायला लागल्या. एकजण म्हणाली, आईचं लेकीला आलं. दुसरी म्हणाली, आईला निदान नाकात तरी हाय, हिला कुटंच न्हाई. बनुबाईनं घागर भरली, डोक्यावर घेतली आणि चालायला लागली. घागरीतलं पाणी हिंदकळून अर्धं अंगावर आलं. घरी येऊन तिनं हौसाला धरलं आणि पुन्हा करंगळी तिच्या तोंडात घातली. टाळू सलगच होता. आता ते जास्त भिण्यासारखं होतं. भोक असतं तर कारण तरी कळलं असतं.

रंगूबाईनं तिच्या परीनं उपाय केले. वेखंड उगाळून जिभेला लावलं. पोपटानं चोच मारलेले पेरू हुडकून आणले, कारण पोपटाचं उष्टं खाल्लं की पोर बोलतं. हौसानं पेरू आवडीनं खाल्ले आणि आणखी पाहिजेत म्हणून दोनदा टॉक् केलं. रंगूबाईनं कपाळावर हात मारला. तिनं सुनेला न विचारता पोरीची कुंची बांधली, आणि तिघी एस.टी.नं मिरजेला गेल्या.

दवाखान्यातल्या डॉक्टरनं पोरीचा घसा बघितला, कान बघितले, पाठीमागं ताट वाजवून बघितलं. सगळं ठीक. मग त्यांना एका खोलीत पाठवलं. तिथं रणभिसेबाई होत्या. बोलण्यात अडणाऱ्या माणसांना त्या शिकवायच्या. पेशंट त्यांना वाचाबाई म्हणत. चष्मा, पांढरी सुती साडी, टेबलावर आरसा, पिसं, मेणबत्त्या, रंगीत कागदाची भिरभिरी. रंगूबाई दबक्या आवाजात म्हणाली, "बने, ही बाई वाचा देती का करणी काडती?" बनुबाईनं पोरीला आणखी घट्ट धरलं.

रणभिसेबाईंनी हौसाला भिरभिरं दिलं. हौसानं ते उलटसुलट बघितलं, मग बाईंनी फुंकून दाखवल्यावर गाल टम्म फुगवले आणि फुर्रकन फुंकर घातली. भिरभिरं गरगरलं. बनुबाई त्या फुगलेल्या गालांकडं बघतच राहिली. कुणा राणीचा दागिना बघावा तसं.

बाई म्हणाल्या, "नाकाचं दार छान मिटतंय हिचं. तोंडात काही दोष नाही."

तेवढ्यात हौसाला तहान लागली. ती आईकडं वळली आणि तिनं एकदा टॉक् केलं. बनुबाईनं सवयीनं तांब्या पुढं केला. बाईंनी चष्मा वर सारला. हे काय म्हणून विचारलं. बनुबाईनं खाली मान घातली. रंगूबाईनंच मग ओशाळवाण्या आवाजात सगळं सांगितलं, तिला जेवढं दिसलं होतं तेवढं.

बाईंनी हौसाला पाणी पिऊ दिलं. मग म्हणाल्या, "म्हणजे ही मुकी नाही. तुम्ही जे दिलंत तेच ती बोलते आहे."

रंगूबाईचा चेहरा उजळला. बनुबाईच्या अंगावर मात्र काटा आला. जे दिलं ते पोर घेते. टॉक् दिलं, टॉक् घेतलं. मग नाक दिलं तर नाक घेईल. आपण भीत होतो ते खोटं नव्हतं. ह्या शिकलेल्या बाईनं ते आत्ता तोंडानं कबूल केलं.

बाईंनी हौसाला आजीबरोबर व्हरांड्यात पाठवलं आणि दार लोटलं. आरसा बनुबाईच्या नाकाखाली धरला. म म्हणा. तिनं म्हटलं, आरशावर वाफ धरली. ती पुसून बाई म्हणाल्या, आता ब म्हणा. बनुबाईनं दाराकडं बघितलं. पोरगी लांब आहे ना, कान इकडं नाही ना. मग तिनं ब म्हटलं, आणि आरसा पुन्हा तसाच धुरकटला. बाईंनी स्वतःच्या नाकाखाली धरून ब म्हटलं, काच कोरडी. स्वतःच्या गळ्यावर तिचा हात ठेवून प आणि ब म्हणून दाखवलं. प म्हणताना गळा शांत, ब म्हणताना मांजरागत गुरगुरता. हे गुरगुरणं तुमच्याकडं आहे, ओठ आहेत, जीभ आहे. पडदा तेवढा उचलत नाही. रोज गाल फुगवायचा सराव करा, थोडं सुधारेल. पुरतं सुटेल असं मी सांगणार नाही. पण लेकीशी बोला. जसं येतं तसं बोला.

बनुबाईनं किती तरी दिवसांनी अख्खं वाक्य काढलं. अर्धं नाकात गेलं, अर्धं घशात तुटलं. बाई पुढं झुकून ऐकत होत्या आणि त्यांना ते कळलं. ती विचारत होती, माझंच आलं तर?

बाईंनी खोटं सांगितलं नाही. "थोडं येईलही. पण जगात तुम्ही एकट्याच बोलत नाही. बाकीचं ती बाकीच्यांकडून घेईल."

येताना एस.टी.त रंगूबाईचं तोंड थांबेना. बाईनं सांगितलेलं तिनं आपल्या रानात आणून लावलं होतं. "म्हंजी रानाला पाणी पाजताना दारं धरायचंच काम की गं. पाट एकच, सऱ्या दोन. ह्या सरीचं दारं मोडलं की पाणी तोंडात, त्या सरीचं मोडलं की नाकात. तुझा बांध फुटलेला, डाक्टरनं माती लावली, पर दारं धरायला मानूसच न्हाई उभा राहिला." मागच्या बाकावरचा म्हातारा म्हणाला, कुणाच्या रानाचं चाललंय म्हणायचं? रंगूबाई म्हणाली, "आमच्या सुनंच्या." आणि खिडकीबाहेर बघायला लागली. बनुबाईला ते धड ऐकूही आलं नाही. तिच्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं: थोडं येईलही.

गावच्या बागायतदार दादासोंच्या द्राक्षबागेत तेव्हा छाटणी झाली होती आणि बायका खालच्या काड्या गोळा करायला जायच्या. बनुबाई हौसाला घेऊन सगळ्यांच्या मागं, शेवटच्या ओळीत राहायची. तिथं तिनं पहिल्यांदा लेकीशी बोलायचं धाडस केलं. तेही चोराच्या पावलानं. कुठली अक्षरं आपल्याला दगा देतात हे तिच्याइतकं कुणाला माहीत? म, न, ण यांना नाकच लागतं. य, र, ल, व, ळ, ह यांत हवा कोंडावी लागत नाही. नाकाची झाक यायची, पण शब्द कळायचा. तिनं तेवढेच शब्द निवडले. वेल. वारा. ऊन. मळा. मोर. वाळू. येरळा. वेलीवर हात ठेवून हळूच म्हणायची, वेल. आणि लगेच मान वळवून बघायची, कुणी ऐकलं तर नाही.

हौसा तिच्या ओठांकडं डोळे ताणून बघायची. आईचं तोंड नुसतं खाण्यासाठी नाही हे तिला नव्यानं कळत होतं. एका सकाळी तिनं मांडवाकडं बोट केलं आणि म्हणाली, "वेल." बनुबाईच्या हातातल्या काड्या खाली पडल्या. ती कान देऊन ऐकत होती. नाकात होतं का? नव्हतं. का होतं? पुन्हा म्हण, असं तिनं हातानं खुणावलं. हौसानं पुन्हा म्हटलं. तिला उलगडा होईना. वेल शब्दच असा की चोर ओळखू येऊ नये.

आणि मग दुपारी ते झालं. बनुबाईनं फडकं सोडलं. हौसानं भाकरीवर बोट ठेवलं आणि आईच्या तोंडाकडं बघितलं. तिला नाव पाहिजे होतं. बनुबाईनं दोनदा टॉक् केलं. हौसानं मान हलवली. ते जुनं झालं होतं. तिनं बोट काढलं नाही. बनुबाईनं भाकर मोडून पुढं केली, ती तिनं घेतली नाही. ओठ थरथरायला लागले, डोळे भरले. भुकेलं लेकरू नुसत्या नावासाठी अडून बसलं होतं. बनुबाईच्या निवडक शब्दांत भाकर कुठंच नव्हती. शेवटी तिनं डोळे मिटले आणि म्हणाली, "म्हाअर."

"म्हाअर," हौसा म्हणाली.

हुबेहूब. तोच नाकातला म्ह, मधे तोच तुटलेला घसा. त्या फुगऱ्या गालांच्या, धड टाळूच्या पोरीच्या तोंडातून बनुबाईचा स्वतःचा आवाज निघाला. तिला वाटलं, आपल्या आईच्या घरातल्या त्या सगळ्या बायका द्राक्षाच्या मांडवाखाली येऊन बसल्यात. तिनं झडप घालून पोरीचं तोंड दाबलं. इतकं घट्ट की पोरीचे डोळे पांढरे झाले, तेव्हा तिनं हात काढला. हौसा रडलीही नाही. नुसती बघत राहिली.

त्यानंतर हौसा तिच्याशी काही बोलली नाही. टॉक् नाही, वेल नाही, काही नाही. बनुबाईनं जवळ घेतलं तर अंग ताठ करायची आणि दोन्ही हातांनी स्वतःचंच तोंड झाकायची. बनुबाई घरात भुतागत वावरायला लागली. पोरीचं बोलणं मी आणलं आणि मीच मारलं. गुंडाची सुट्टी मंजूर झाल्याचं पलटणीतून आलेल्या गाववाल्यानं सांगितलं, तेव्हा तिच्या हातून परात सुटली. काय तोंड दाखवायचं त्याला? कुठली लेक पुढं करायची?

जोंधळा हुरड्याला आला. पाखरं राखायला रंगूबाई दिवसभर पिकातल्या मचाणावर, माळ्यावर बसायची. एका दिवशी तिनं हौसाला बरोबर नेलं, आणि मग रोजच न्यायला लागली. बनुबाईनं अडवलं नाही. आपल्यापासून पोर लांब राहील तेवढं बरं.

एका दिवशी ती भाकरी घेऊन निघाली. जोंधळा डोक्याच्या वर गेला होता, ती मधल्या सरीतून चालली होती आणि माळा अजून पानांआड होता. तिला वरून रंगूबाईची आरोळी ऐकू आली, गोफणीचा फटका ऐकू आला, आणि त्याच्या मागून एक बारीक आवाज. "आज्जे, भाकर दे."

बनुबाई जागच्या जागी थांबली. कुणाचं पोर आलंय राखणीला? पुन्हा तोच आवाज. "दे की गं भाकर. भूक लागली." भ खणखणीत. क असा की खडा दगडावर आपटावा. रंगूबाई म्हणत होती, तुझी आय येती की आत्ता, दम धर जरा.

पानाची कूस डोळ्यात गेली तरी बनुबाईनं हात हलवला नाही. हलले तर हे थांबेल. पण पानं सळसळली आणि वरून हौसानं तिला बघितलं. ती माळ्याच्या कडेशी आली, ओणवी झाली. आधी तिनं हात तोंडाकडं नेला. मग तो अर्ध्यातच थांबवला, आईच्या चेहऱ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाली, "आये. म्हाअर."

नाकात. अगदी नाकात.

बनुबाईची भीती पुन्हा वर आली. तिनं सासूकडं बघितलं. रंगूबाई गोफण मांडीवर ठेवून खाली बघत होती.

"घाबरू नगंस," ती म्हणाली. "तुझ्यासंगं तुझं बोलती, माझ्यासंगं माझं. एवढीशी हाय, पर मानूस वळकून बोलती. माझ्यासंगं बोलाय लागून लय दिवस झालं, मी गप ऐकत व्हते."

बनुबाईनं मान हलवली. नाही, नाही. तिनं स्वतःच्या नाकाला हात लावला, पोरीकडं बोट केलं, गावाकडं बोट केलं. चारचौघांत चुकून हे निघालं तर? पुढं शाळेत, सासरी?

"निघंल कवातरी," रंगूबाई म्हणाली. "आन् तू तोंड मिटलंस तर ती तुझ्यासंगं काय बोलंल, सांग की."

हौसा वर वाट बघत होती. बनुबाईनं फडकं वर दिलं. ती म्हणाली, "म्हाअर." हौसानं खुशीत मान डोलावली आणि आजीकडं वळून सांगितलं, "आज्जे, भाकर आली."

गुंडा आला त्या दिवशी बनुबाई सकाळपासून चुलीपुढून उठली नाही. त्यानं पेटी आत ठेवली, झोळी अंगणात टेकली, वर टोपी ठेवली. पलटणीच्या कँटीनची बिस्किटं काढली. हौसाला मांडीवर घेतलं. काय गं, तुझं नाव काय? हौसा. ही कोण? आज्जी. आन् मी? हौसानं विचार केला आणि म्हणाली, "फौजी." गुंडा हसून लोळला. मिरजेची वारी, पेरू, टॉक्टॉक्, सगळं त्याला आल्याआल्या आईनं सांगितलं होतं. तो म्हणाला, कोण म्हणतंय ही मुकी?

मग हौसा बिस्किट नाचवत चुलीपाशी पळत गेली आणि आईला तिच्या नाकातल्या बोलीत सगळं सांगायला लागली. बनुबाईनं डोळ्यांनी दटावलं, हातानं गप राहायची खूण केली. पोर थांबेना. गुंडा उंबऱ्यात येऊन उभा राहिलेला तिला दिसला. त्याचं हसू गेलं होतं. बनुबाईनं हातातलं उलथनं असं धरलं की बोटं पांढरी झाली. आता काय ते होऊ दे.

गुंडा बराच वेळ ऐकत राहिला. मग तिथंच उकिडवा बसला.

"आमच्या पलटणीत बी असंच," तो म्हणाला. "सायबासंगं हिंदी. गाववाला भेटला की आपली." हौसाला त्यानं विचारलं, "तुझी आय काय म्हणती?"

"जेवाय बसा म्हणती," हौसा म्हणाली. बनुबाई असं काही म्हणाली नव्हती, पण म्हणणार होती.

गुंडा अंगणाकडं पाठ करून जेवायला बसला. बनुबाई वाढत होती. डोळे त्याच्या तोंडाकडं होते, कालवण ताटाबाहेर सांडलं. हौसा शेजारी बसून बिस्किटांमागून बिस्किटं कोंबत होती. आणि बनुबाईला गुंडाच्या खांद्यावरून अंगण दिसलं. वासरू दावं तोडून सुटलं होतं. त्यानं झोळीवरची फौजी टोपी तोंडात धरली होती आणि ते डोळे मिटून चघळत होतं.

बनुबाईनं हात केला. गुंडा ताटात बघत होता. ती म्हणाली, "आवं. वाअरू." त्यानं वर बघितलं. काय म्हणतीस? तो लेकीकडं वळला, काय म्हणती गं? हौसाचे दोन्ही गाल बिस्किटांनी फुगलेले. तिनं काहीतरी सांगायचा यत्न केला, नुसता भुगा उडाला. रंगूबाई गोठ्याकडं गेलेली. टोपीचा अर्धा भाग वासराच्या तोंडात गेला होता.

आता सांगायला कुणी नव्हतं. दोघं बनुबाईकडं बघत होते, आणि बाहेर बोळातून बायका पाण्याला चालल्या होत्या. बनुबाईनं एकदा त्यांच्याकडं बघितलं. मग ती उठली आणि बोळातल्या बायका घागरी घेऊन जागच्या जागी थांबतील एवढ्या मोठ्यानं, नाकातून, ओरडली:

"आवं, वाअरू! वाअरू ओमी आतंय!"